शेवंतीची रात्र

सोलापुरात बागेचा विषय निघाला की आधी ऊन, मग पाणी, आणि त्यापलीकडे बोलणं फारसं जात नाही. ते साहजिकही आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, गच्चीवरच्या फरशीवर अनवाणी पाय ठरत नाही आणि नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे लोकांचा भरवसा मोगरा, जास्वंद, सदाफुली यांच्यावर. शेवंतीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: ते थंड हवेतलं झाड, नर्सरीतून फुललेलं आणायचं, महिनाभर बघायचं आणि सोडून द्यायचं.

मला हे अजिबात मान्य नाही. शेवंती आपल्याकडे राहते, वाढते आणि वर्षानुवर्षं फुलते. फक्त तिची गरज बाकीच्या झाडांसारखी नाही. मोगऱ्याला ऊन दिलं, पाणी दिलं की तो खूश असतो. शेवंतीला ऊन-पाणी तर हवंच, पण त्याहून जास्त तिला रात्र लागते. लांब, सलग, अंधारी आणि जमलं तर जरा गार. आपण तिला हे सोडून बाकी सगळं देतो आणि मग ती आपल्याकडे होत नाही म्हणतो.

आमच्या गच्चीला दोन कठडे आहेत. पुढचा रस्त्याच्या अंगाला, मागचा शेजारच्या जुन्या घराच्या परसाकडे. तिकडे एक मोठा कडुलिंब आहे आणि संध्याकाळनंतर तिथे गुडूप अंधार असतो. पुढे मात्र रस्त्यावरचा दिवा जवळजवळ गच्चीच्याच उंचीला येतो. एकाच पिवळ्या शेवंतीच्या काशा, म्हणजे बुंध्याशी फुटणारी रोपं, मी दोन्हीकडे लावल्या होत्या. माती तीच, शेणखत तेच, पाणीही एकाच बादलीतलं. दिवाळी जवळ आली तशा मागच्या कुंड्या कळ्यांनी भरून आल्या आणि पुढच्या नुसत्या वाढत राहिल्या. पानं तर पुढचीच जास्त हिरवी आणि रुंद. येणारा-जाणारा पुढच्या झाडांचंच कौतुक करायचा.

त्या पुढच्या झाडाचा शेंडा जवळून बघण्यासारखा होता. शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी एक कळी धरलेली होती, पण ती तिथेच अडकून बसली होती. शेवंतीचं पान कसं खोल कातरलेलं असतं. या कळीच्या लगेच खालची पानं मात्र अरुंद, लांबट आणि सरळ कडांची होती. आणि त्या पानांच्या बगलेतून नवे कोवळे फुटवे निघून कळीच्याही वर गेले होते. त्यांची पानं पुन्हा नेहमीसारखी कातरलेली. झाडानं फुलायला घेतलं होतं आणि मध्येच विचार बदलून ते परत वाढीला लागलं होतं. हे सगळं त्या चार बोटांच्या शेंड्यावर अगदी स्पष्ट दिसत होतं.

शेजारच्या अक्का आमच्याकडे मिरच्या वाळत घालायला आल्या होत्या. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरातल्या, शहराच्या पूर्वभागात जन्म गेलेल्या. त्यांच्याकडे शेवंतीला चामंती म्हणतात. त्यांनी कुंडी पाहिली, वर दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिव्याखाली कोण झोपतंय गं? मागं ठेव त्याला."

अक्का बोलल्या ते शास्त्राला धरूनच होतं. झाडं फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात, हे १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. पुढे लक्षात आलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. आणि रात्र सलग असावी लागते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी पुरेसा उजेड पडला, तरी झाडाच्या हिशेबी ती एक रात्र राहत नाही, दोन छोट्या रात्री होतात. शेवंती याबाबत फार काटेकोर आहे.

१९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात मिखाइल चैलाख्यान यांनी प्रयोगाला शेवंतीच घेतली होती. त्यांनी झाडाच्या वरच्या भागातली पानं काढून टाकली आणि खालची ठेवली. खालच्या पानांना लांब रात्र दिली, वरच्या बोडक्या शेंड्याला लांब दिवस दिला. झाड फुललं. उलट करून पाहिलं, तेव्हा फुललं नाही. रात्र मोजतं ते पान, आणि तिथून काहीतरी निरोप शेंड्याकडे जातो, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्या निरोपाला फ्लोरिजेन हे नाव दिलं. हा निरोप नेमका कोणत्या पदार्थाचा, हे कळायला पुढे सुमारे सत्तर वर्षं गेली. मग जपानमधल्या संशोधकांनी २०१२ आणि २०१३ मध्ये एका रानशेवंतीत दोन्ही प्रथिनं दाखवून दिली, फुलवणारंही आणि फुलणं अडवणारंही. रात्र छोटी असली किंवा मध्यरात्री उजेड पडला, की पानातच हे अडवणारं प्रथिन तयार होतं आणि शेंड्यापर्यंत पोचतं.

हे वाचल्यापासून माझा त्या पुढच्या झाडाकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. त्याला खत कमी पडलं नव्हतं, पाणी कमी पडलं नव्हतं. रोज रात्री त्याच्या पानापानातून "आत्ता नको" असा निरोप वर जात होता आणि ते तो इमानानं पाळत होतं. अशा झाडाला आपण वांझ म्हणतो, जास्तीचं खत घालतो, औषधं फवारतो. मला त्याचं वाईट वाटतं.

व्यापारी शेतीत हीच गोष्ट मुद्दाम करतात. बंगळूर, चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला रात्री प्रवास केलात तर शेतांवर दिव्यांच्या माळा लागलेल्या दिसतात. लांबून वाटतं लग्नघर आहे. ती शेवंतीची रानं असतात. झाड पुरेसं उंच होईपर्यंत त्याला फुलू द्यायचं नाही म्हणून मध्यरात्री काही तास दिवे लावायचे, आणि सणाच्या हिशेबानं ते बंद करायचे. दिवे बंद झाले की तिथून आठवडे मोजतात. शेवंतीच्या जातीच मुळी अशा ओळखल्या जातात, लांब रात्री सुरू झाल्यापासून कोण सात आठवड्यांत फुलते, कोण दहा, कोण त्याहून उशिरा. आमच्या गल्लीत तोच दिवा कुणी न ठरवता लागतो आणि कधीच बंद होत नाही, एवढाच फरक.

आता आपल्या हवेचं बघू. सोलापूर साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर आणि सगळ्यात छोटा अकरा तासांचा. सगळा मिळून फरक दोन तासांच्या थोडा वर. बीजिंगला हा फरक साडेपाच तासांच्या पुढे जातो. शेवंतीच्या बहुतेक जातींना कळी धरायला आणि ती पुढे न्यायला दिवस साडेतेरा-साडेचौदा तासांहून छोटा असावा लागतो. त्यामुळे नुसत्या दिवसाच्या लांबीचा विचार केला तर आपल्याकडे बारा महिने तिची सोय आहे! खरोखरच काही जाती आपल्याकडे एप्रिल-मेमध्येसुद्धा कळ्या धरतात. मग अडतं कुठे? अडतं ते रात्रीच्या उष्म्याला.

मेमध्ये इथे पहाटेही पारा २५ च्या खाली जायला तयार नसतो. अशा रात्री शेवंतीची कळी धरली तरी पुढे सरकत नाही, आणि सरकलीच तर फूल छोटं, विटक्या रंगाचं येतं. लाल आणि जांभळ्या जातींचा रंग तर उन्हाळ्यात पार उतरतो. उष्णतेनं फ्लोरिजेन तयार होणंच मंदावतं, हेही त्या जपानी अभ्यासांतून पुढे आलं आहे. नोव्हेंबरात रात्रीचा पारा १७-१८ वर आला की त्याच झाडात जीव आल्यासारखा वाटतो. म्हणून उष्ण गावात शेवंती लावणाऱ्यानं दुपारच्या उन्हाची जेवढी काळजी करावी तेवढीच रात्रीच्या उष्म्याची करावी, असं मी सांगेन. दिवसभर तापलेला सिमेंटचा कठडा रात्री दहा-अकरापर्यंत ऊन ओकत असतो. कुंडी त्याला चिकटून ठेवली तर झाडाची रात्र थंड व्हायलाच मध्यरात्र होते. मी कुंड्या विटांवर, कठड्यापासून हातभर लांब ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिन्हीसांजेला भोवतीच्या फरशीवर पाणी मारते, घरातलं भांडी-भाज्या धुतलेलं. एवढ्यानंही फरक पडतो.

अंधाराची सोय करणं त्याहून सोपं आहे. मागची जागा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलटं घालायचं, सूर्य मावळल्यावर, आणि सकाळी सातच्या सुमारास काढायचं. ऊन असताना घालायचं नाही. पाच वाजता तापल्या गच्चीवर खोकं घातलं तर आतलं झाड उकडून निघतं आणि अंधाराचा फायदा उष्म्यात जातो. एक दिवस घातलं आणि चार दिवस विसरलं असंही चालत नाही, कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज घालावं लागतं. दिवाळीत मी आकाशकंदील शेवंतीच्या कुंड्यांपासून दूर, जिन्याकडे लावते. कोजागरीच्या चांदण्याची मात्र काळजी नको. पौर्णिमेचा उजेड आपल्याला कितीही लख्ख वाटला तरी झाडाच्या लेखी तो अंधारच असतो.

आमच्याकडचा तिसरा त्रास काळ्या मातीचा. ज्वारीला, तुरीला ती सोनं आहे, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, आणि सोलापुरात खरा पाऊस पडतो तो परतीच्या वाटेवरचा, सप्टेंबरात, म्हणजे नेमका शेवंती भराला येते तेव्हा. दोन दिवस मुळं पाण्यात राहिली की खालची पानं काळी पडत वर येतात आणि मग झाड उभ्या उभ्या मरतं. म्हणून काळ्या मातीचा हात आखडता ठेवायचा. लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत, मूठभर जाड वाळू, असल्यास नारळाचा भुसा. पाऊस लागून राहिला की कुंड्या आडोशाला घ्यायच्या. पाणी घालायचं ते मुळाशी, सकाळी. संध्याकाळी पानांवर शिंपडलं की रात्रभर ओल राहते आणि ठिपके पडतात.

वर्षाचा बाकी क्रम साधा आहे. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपते तोवर फुलांचा बहरही उतरलेला असतो. तेव्हा झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं आणि टाकून द्यायचं नाही. हे मी पुन्हा सांगते, टाकून द्यायचं नाही, कारण खरं झाड तिथून पुढेच आहे. महिन्याभरात बुंध्याभोवती काशा फुटतात, मुळांसकट कोवळी रोपंच ती. त्या अलगद सुट्या करून छोट्या पिशव्यांत लावायच्या. जुना बुंधा थकलेला असतो, फुलायचं काम या नव्यांचं. उन्हाळाभर त्या झाडाखाली किंवा हिरव्या जाळीखाली नुसत्या जगवायच्या. वाढ नाही झाली तरी चालेल. मृगाचा पाऊस झाला की मोठ्या कुंडीत.

मग शेंडे खुडणं. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा दोन पानांसकट नखानं मोडायचा. बगलेतून तीन-चार फुटवे येतात, ते वाढले की त्यांचेही शेंडे मोडायचे. पहिल्यांदा करताना जिवावर येतं, पण तेवढ्यानंच एका काडीचं झुडूप होतं. मोडलेल्या शेंड्याचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो, कडसर, कापरासारखा. मला तो फुलाच्या वासाहून जास्त आवडतो. राखीपौर्णिमेनंतर शेंड्याला हात लावायचा नाही, कारण आता कळ्या तिथेच धरणार. झुडूप कलंडायला लागलं की तुराट्यांचे तुकडे रोवून सुतळीनं सैल बांधायचं. कोवळ्या दांड्यांवर काळा मावा येतो, तो बोटांनी पुसून पाण्याची धार मारली की निम्मा जातो, उरलेल्याला निंबोळी अर्क.

जातींबद्दल थोडं आग्रहानं सांगते. डिसेंबरात नर्सरीत मिळणाऱ्या त्या गोल, ठेंगण्या, फुलांनी मढलेल्या कुंड्या सुंदर दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याच वाढ रोखणारी औषधं देऊन बुटक्या ठेवलेल्या असतात. औषधाचा असर संपला की पुढच्या वर्षी तेच झाड ढोपरापर्यंत जातं आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, ती त्याची खरी उंची. मात्र घरच्या बागेसाठी मी आपल्या बाजारातल्या जुन्या जातीच निवडीन. पिवळी झिप्री, पांढरी राजा, रेवडी, सोनाली तारा. यांना आपला उन्हाळा ठाऊक आहे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत, अकोळनेरसारख्या गावांत शेतंच्या शेतं लागतात ती अशाच हारा-वेणीच्या शेवंतीची. बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेनं आणि लखनौच्या वनस्पती संशोधन संस्थेनंही आपल्या हवेसाठी चांगल्या जाती काढल्या आहेत. लखनौच्या काही जाती तर शेंडा न खुडता आणि आधार न देता आपणहून झुडूप धरतात. चांगल्या नर्सरीत विचारून बघावं.

पहिलं फूल पूर्ण उमललं की मी ते एकदा तरी सोडवून बघते, घरातल्या मुलांना दाखवायला. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक वेगळी काढली की तिच्या बुडाशी बारीकशी नळी आणि त्यातून डोकावणारं दोन टोकांचं स्त्रीकेसर दिसतं. म्हणजे ती पाकळी नाही, एक अख्खं फूल. मधल्या पिवळ्या चकतीतला कणन् कण हेही एकेक फूल. एका शेवंतीत शेकडो फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. तोडल्यावरही ती बरीच टिकते, देव्हाऱ्यात चौथ्या दिवशीही ताजी दिसते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात शेवंतीचा भाव विचारायची सोय नसते. तेव्हा घरच्या फुलांची वेणी सासूबाई केळीच्या सोपटात गुंफतात आणि घटाला घालतात. सगळी फुलं तोडायची नाहीत, एका फांदीवरची ठेवायची, हा त्यांचा नेम.

अक्कांची अडचण वेगळी आहे. त्यांचा बतुकम्मा, म्हणजे तेलुगू घरांतला फुलांचा सण, सर्वपित्री अमावास्येला सुरू होतो आणि दुर्गाष्टमीला संपतो. फुलांचे थर रचून तो उंच मनोरा करायचा, त्यात झेंडू, कुरडू आणि चामंती. पण घरची शेवंती तोवर बहुतेक कळीतच असते, रात्री अजून उबदार, दिवस नुकता कुठे लहान झालेला. अक्का दरवर्षी विकतची आणतात आणि दरवर्षी हळहळतात. म्हणून यंदा एक लवकर फुलणारी छोटी पिवळी त्यांच्यासाठी वेगळी ठेवली आहे. तिचे शेंडे आषाढातच खुडून थांबायचं आणि श्रावण लागला की रोज सूर्यास्ताला खोकं घालायचं, असं ठरलंय. खोकं घालायचं काम अक्कांनी स्वतःकडे घेतलंय. त्यांच्या मते मी विसरेन.

काशा मागायला आता बरेच जण येतात. मी कुणाला नाही म्हणत नाही, पण आधी विचारते, रात्री तुमच्या बाल्कनीत उजेड किती येतो? लोक जरा गोंधळतात, मग मोबाइलवर रात्रीचा फोटो काढून पाठवतात. अक्कांच्या मुलीनं हैदराबादहून तसाच पाठवला. तिच्या पुढच्या बाल्कनीसमोर दुकानाची पाटी रात्रभर चालू असते, तिथे काही व्हायचं नाही. पण तिच्या मोरीमागे धुणं वाळत घालायची दोन फुटांची जागा आहे, पूर्वेकडची. सकाळचं ऊन येतं आणि रात्री काही दिसत नाही म्हणाली. तिच्यासाठी झिप्रीच्या काशा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात, अक्का शनिवारी नेणार आहेत.